कोट्यवधी फाइलींचा बॅकअप: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

समजा तुमच्याकडे २०० टेराबाइटचं सामायिक नेटवर्क स्टोरेज आलं आहे आणि त्यात २० कोटी फाइली आहेत. रोज त्यातला एक टक्का डेटा बदलतो, म्हणजे २ टेराबाइट. सेकंदाला ५०० मेगाबाइट या वेगाने २ टेराबाइट हलवायला ४,००० सेकंद पुरतात, म्हणजे तासाभराचं काम. प्रत्यक्षात मात्र रात्री सुरू केलेला बॅकअप दुसऱ्या रात्रीची वेळ झाली तरी संपलेला नसतो. नेटवर्कचा आलेख बघावा तर जवळजवळ सपाट, आणि डिस्कवर वाचनाचा भारही फारसा दिसत नाही.

हा वेळ जातो खानेसुमारीत. कोणती फाइल बदलली हे कळण्यासाठी बॅकअपचा प्रोग्राम प्रत्येक फाइलपाशी जाऊन तिचा आकार आणि बदलाची वेळ विचारतो. नेटवर्कवरून असा एक प्रश्न जाऊन त्याचं उत्तर यायला अर्धी मिलिसेकंद लागते असं धरलं, तर एका रांगेत सेकंदाला २,००० फाइली होतात. २० कोटींना २,००० ने भागा. एक लाख सेकंद, जवळपास २८ तास. बदललेला डेटा हलवायला एक तास आणि काय बदललं ते शोधायला २८ तास! हा हिशेब कळला नसेल तर माणूस आणखी वेगवान नेटवर्क मागत बसतो, ते मिळतंही, आणि बॅकअप तेवढाच हळू चालतो.

खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. लिनक्सची कमांड लाइन वापरता येते आणि एनएफएस, एसएमबी हे शब्द कानावरून गेले आहेत, एवढं धरून चाललो आहे.

पायरी १: आधी मोजा

एकूण किती टेराबाइट हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. एकूण फाइली किती, हे विचारलं की शांतता पसरते. तुम्हाला चार गोष्टी कागदावर हव्यात: फाइलींची संख्या, त्यांचे आकार कसे विभागले आहेत, सर्वांत जास्त फाइली कोणत्या फोल्डरांत आहेत, आणि रोज किती बदल होतो.

फाइल सिस्टिमवर एकूण किती आयनोड (प्रत्येक फाइल किंवा फोल्डरमागची एक नोंद) वापरले आहेत हे ‘डीएफ’ कमांड एका क्षणात सांगते. फोल्डरवार संख्या हवी असेल तर लिनक्सवरच्या ‘डीयू’ला आयनोड मोजण्याचा पर्याय आहे. तो मात्र फोल्डरांचं सगळं झाड चढून उतरतो, म्हणून तो गर्दीच्या वेळी चालवू नका, आणि शक्य असेल तर नेटवर्कवरून न चालवता थेट स्टोरेज सर्व्हरवरच चालवा. रोजचा बदल मोजायला स्नॅपशॉट (फाइल सिस्टिमचं एका क्षणाचं गोठवलेलं रूप, पायरी ३ बघा) असतील तर दोन लागोपाठच्या स्नॅपशॉटमधला फरक किती जागा खातो ते बघा. हा आकडा किमान दोन आठवडे घ्या. महिनाअखेरीला किंवा मोठं काम संपताना तो कित्येक पट होऊ शकतो.

या मोजणीत दर वेळी एखादा धक्का बसतोच. मी पहिल्यांदा एका मोठ्या स्टोरेजची अशी मोजणी केली तेव्हा निम्म्याहून जास्त फाइली प्रोग्राम बांधताना तयार होणाऱ्या मधल्या फाइली आणि चित्रांच्या छोट्या प्रतिमा निघाल्या. त्या हव्या तेव्हा पुन्हा तयार करता येत होत्या, पण आम्ही वर्षानुवर्षं रोज त्यांच्या दारात जाऊन ‘तू बदललीस का’ असं विचारत होतो. असे फोल्डर बॅकअपमधून वगळता येतात. मात्र वगळण्याचा निर्णय एकट्याने घेऊ नका. ज्यांचा डेटा आहे त्यांच्याकडून लेखी होकार घ्या. ‘टेम्प’ नावाच्या फोल्डरमध्ये लोक आयुष्यभराचं काम ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जुन्या, संपलेल्या कामांचे फोल्डरही इथेच वेगळे काढा. ज्यात वर्षभर काही बदललेलं नाही ते फक्त-वाचन करून टाका, त्यांच्या दोन पडताळलेल्या प्रती ठेवा आणि रोजच्या फेरीतून त्यांना मोकळं करा. रोजच्या वेळेत यानेच सर्वांत जास्त बचत होते, आणि खर्च जवळपास काहीच नाही.

पायरी २: परत आणायला किती वेळ चालेल?

बॅकअपची आखणी उलट्या टोकाकडून करायची असते. ज्यांचं काम या स्टोरेजवर चालतं त्यांना दोन प्रश्न विचारा. शेवटच्या किती तासांचं काम गेलं तर सोसवेल? आणि सगळं बंद पडलं तर किती वेळात परत हवं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘चार तासांत’ असं येतं. मग त्यांच्यासमोर हिशेब मांडा. २०० टेराबाइट सेकंदाला ५०० मेगाबाइट या वेगाने परत आणायला ४ लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त लागतात. त्यात २० कोटी छोट्या फाइली पुन्हा निर्माण करायच्या तर वेग आणखी पडतो, कारण नवी फाइल तयार करणं हे तिची चौकशी करण्यापेक्षा महाग काम आहे. हे ऐकल्यावर चर्चा ताळ्यावर येते. ‘सगळं चार तासांत’ऐवजी ‘हे तीन फोल्डर आधी, बाकीचं आठवडाभरात’ असं ठरतं. तो क्रम लिहून ठेवा. आणि खरोखरच चार तासांत सगळं हवं असेल, तर दुसऱ्या स्टोरेजवर तयार, चालू करता येईल अशी प्रत ठेवावीच लागेल. टेपवरून किंवा क्लाउडवरून ते होणार नाही.

पायरी ३: स्नॅपशॉट लावा, पण त्यांवर निजू नका

स्नॅपशॉट म्हणजे फाइल सिस्टिमचं एका क्षणाचं गोठवलेलं रूप. झेडएफएस, बीटीआरएफएस, सेफ-एफएस आणि बहुतेक सगळ्या व्यावसायिक स्टोरेजमध्ये ते असतात. डेटाची नक्कल होत नसल्यामुळे स्नॅपशॉट काही सेकंदांत तयार होतो. पुढे मूळ डेटा बदलला किंवा पुसला गेला की जुने ब्लॉक तो धरून ठेवतो आणि तेवढीच जागा खातो. म्हणूनच ‘एवढ्या फाइली पुसल्या तरी जागा का रिकामी होत नाही?’ ही तक्रार आली की आधी स्नॅपशॉट बघायचे.

तासाला एक, दिवसाला एक अशी मालिका लावली की ‘चुकून डिलीट झालं’ या प्रकारची बहुतेक कामं इथेच निपटतात. झेडएफएसमध्ये लपलेल्या ‘डॉट झेडएफएस’ फोल्डरमध्ये, नेटॲपमध्ये ‘डॉट स्नॅपशॉट’ फोल्डरमध्ये जाऊन वापरकर्ता स्वतःच आपली जुनी फाइल उचलू शकतो.

पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात. डिस्कचा संच गेला, कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषाने सगळं खराब झालं, किंवा कोणी प्रशासकाच्या पासवर्डने आत शिरलं, की मूळही गेलं आणि स्नॅपशॉटही. रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून तो अनेक डिस्कवर ठेवण्याची पद्धत) तुम्हाला डिस्क बिघडण्यापासून वाचवतं, चुकीच्या डिलीटपासून नाही. दुसऱ्या जागी चालू असलेलं प्रतिबिंब आग-पाण्यापासून वाचवतं, पण इथे पुसलं गेलेलं ते तिथेही तत्परतेने पुसतं.

दुसऱ्या एका कारणासाठी स्नॅपशॉट अत्यावश्यक आहेत: बॅकअप नेहमी स्नॅपशॉटमधूनच वाचायचा. चालू फाइल सिस्टिमवर कित्येक तास फिरताना वाटेत फाइली बदलतात, नाहीशा होतात, एका फोल्डरातून दुसऱ्यात जातात. आरसिंक (बदललेल्या फाइली दुसरीकडे नेणारं साधन) अशा वेळी २४ हा संकेतांक देऊन संपतो, म्हणजे वाचायला गेलो तर फाइल गायब होती. हळूहळू सगळ्यांना त्या चुकीची सवय होते आणि एक दिवस खरी चूकही तिच्यात दडून जाते. स्नॅपशॉटवरून वाचताना २४ यायला जागाच उरत नाही. आला तर काहीतरी खरंच बिघडलं आहे.

डेटाबेसच्या फाइली या स्टोरेजवर असतील तर त्यांचा डंप, म्हणजे डेटाबेसनेच काढून दिलेली प्रत, वेगळा घ्या. स्नॅपशॉटमधला डेटाबेस हा वीज अचानक गेल्यासारख्या अवस्थेत असतो. तो बहुधा सावरतो, पण ‘बहुधा’वर बॅकअप उभा करू नये.

पायरी ४: काय बदललं ते कोणाला विचारायचं

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण २८ तासांचा एक तास इथेच होतो.

प्रत्येक फाइलला विचारत फिरण्यापेक्षा फाइल सिस्टिमलाच विचारणं हा उत्तम मार्ग. काय बदललं हे तिला आधीच ठाऊक असतं. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकच्या दाखल्यात तो कधी जन्मला याची नोंद ठेवते. ‘सेंड’ कमांडला दोन स्नॅपशॉट दिले की ती झाडाच्या ज्या फांदीत नवं काहीच जन्मलं नाही ती फांदी अख्खी सोडून देते. फाइली २० कोटी असोत की २० हजार, वेळ लागतो तो फक्त बदललेल्या ब्लॉकांना. दहा टेराबाइटच्या फाइलीत मधले चार ब्लॉक बदलले तर तेवढेच जातात. फाइल किंवा फोल्डरचं नाव बदललं तर फक्त नोंद जाते. आरसिंकला मात्र नाव बदललेला फोल्डर नवाच वाटतो आणि तो सगळा पुन्हा वाहून नेला जातो.

झेडएफएस वापरणार असाल तर तीन गोष्टी पाळा. दोन्ही टोकांना समान असलेला शेवटचा स्नॅपशॉट कधीही पुसू नका. तो गेला की वाढीव पाठवणी तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून २०० टेराबाइट पाठवावे लागतात. त्यावर ‘होल्ड’, म्हणजे पुसण्यावर बंदी, लावा, मूळ बाजूला ‘बुकमार्क’ही करून ठेवा. दुसरं, घेणाऱ्या बाजूचा डेटासेट फक्त-वाचन ठेवा, नाहीतर तिथे कोणी काही लिहिलं की पुढची पाठवणी नाकारली जाते. तिसरं, ‘सेंड’चा प्रवाह नुसती फाइल म्हणून साठवून ठेवू नका. तो दुसऱ्या टोकाला ‘रिसीव्ह’ करूनच ठेवायचा. साठवलेल्या प्रवाहात एक बिट जरी बिघडला तरी तो परत घेता येत नाही.

झेडएफएस नसेल तर तुमच्या स्टोरेजमध्ये बदलांची यादी देणारी सोय आहे का ते शोधा. नेटॲपमध्ये स्नॅपडिफ आहे, डेलच्या पॉवरस्केलमध्ये, म्हणजे पूर्वीच्या आयसिलॉनमध्ये, चेंजलिस्ट आहे. दोन्ही दोन स्नॅपशॉटमधला फरक फाइलींच्या नावांसकट देतात. लस्टरमध्ये प्रत्येक निर्मिती, नामांतर आणि डिलीटची नोंद ठेवणारा चेंजलॉग असतो. आयबीएमच्या जीपीएफएसचं, म्हणजे आताच्या स्टोरेज स्केलचं, पॉलिसी इंजिन फोल्डरांचं झाड न चढता मेटाडेटा (फाइलींविषयीच्या नोंदी) सरळ समांतर वाचत जातं, म्हणून कोट्यवधी फाइली तिथे आवाक्यात येतात. सेफ-एफएसमध्ये प्रत्येक फोल्डरला ‘आरसीटाइम’ असतो: त्या फोल्डरच्या पोटात कितीही खोल झालेला सर्वांत ताजा बदल कधीचा, हे तो सांगतो. तो कालच्या बॅकअपपेक्षा जुना असेल तर त्या फोल्डरात शिरायचीच गरज नाही. तुमचं बॅकअप सॉफ्टवेअर यातलं काय वापरू शकतं, हा खरेदीपूर्वी विचारायचा पहिला प्रश्न.

एनडीएमपी हे नावही तुमच्या कानावर येईल. १९९० च्या दशकात आलेली ही पद्धत आजही अनेक ठिकाणी चालते. स्टोरेज स्वतःच आपला डेटा प्रवाहासारखा बॅकअप यंत्रणेकडे किंवा टेपकडे पाठवतं, त्यामुळे नेटवर्कवरून एकेक फाइल विचारावी लागत नाही. तिची अडचण अशी की प्रवाहाचं स्वरूप बहुधा त्या-त्या कंपनीचं असतं, आणि पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीचं स्टोरेज घेतलं तर जुने बॅकअप त्यावर उतरवता येतील याची खात्री नसते. दुसरं म्हणजे यात अधूनमधून पूर्ण बॅकअप घ्यावाच लागतो, आणि शेकडो टेराबाइटवर तो दर वेळी लढाईसारखा होतो. नव्याने सुरुवात करत असाल तर मी एनडीएमपी शेवटचा पर्याय धरेन.

यातलं काहीच नसेल तर झाड चढावंच लागेल. मग ते एका रांगेत न चढता अनेक रांगांनी चढायचं. ती पुढची पायरी.

त्याआधी एक सापळा. बदल ओळखण्यासाठी फक्त ‘एमटाइम’वर, म्हणजे मजकूर बदलल्याच्या वेळेवर, विसंबू नका. कोणी जुनी झिप उघडली किंवा दुसऱ्या डिस्कवरून वेळा जपून फाइली आणल्या, तर त्या आज आलेल्या फाइलींची वेळ तीन वर्षांपूर्वीची असू शकते. ‘कालच्या नंतर बदललेलं द्या’ असं विचारणारी स्क्रिप्ट त्यांना कधीच उचलणार नाही, आणि कोणतीही चूकही दाखवणार नाही. ‘सीटाइम’, म्हणजे फाइलीची नोंद शेवटची बदलल्याचा क्षण, वापरकर्त्याला असा सहज मागे नेता येत नाही, म्हणून तोही तपासा, किंवा मागच्या यादीशी तुलना करणारं साधन वापरा.

पायरी ५: कामाचे तुकडे पाडा

अर्ध्या मिलिसेकंदाची वाट एका रांगेने बघण्याऐवजी सोळा रांगांनी बघितली तर २८ तासांचे, सगळं जुळून आलं तर, पावणेदोन तास होतात. प्रत्यक्षात स्टोरेजचा मेटाडेटा सर्व्हर मध्येच दमतो, पण फायदा मोठाच असतो.

तुकडे वरच्या पातळीच्या फोल्डरांवरून पाडू नका, म्हणजे निदान डोळे झाकून नको. चाळीस फोल्डरांपैकी एकातच सत्तर टक्के फाइली असतात, मग एकोणचाळीस रांगा वीस मिनिटांत मोकळ्या आणि एक पहाटेपर्यंत. पायरी १ मधली मोजणी इथे कामी येते. एफपार्ट हे साधन फाइलींची संख्या आणि आकार बघून समान गठ्ठे करतं, आणि त्याच्यासोबतचं एफपीसिंक त्या गठ्ठ्यांवर समांतर आरसिंक चालवतं. विंडोजच्या बाजूला रोबोकॉपीला अनेक धागे देता येतात. रांगा चारपासून सुरू करा, आठ, सोळा असं वाढवत जा आणि वापरकर्त्यांचा प्रतिसाद किती मंदावतो ते शेजारी बघत राहा. बॅकअप वेगात झाला पण दिवसभर सगळ्यांच्या फाइली उघडायला वेळ लागला, तर लोक तुम्हाला बॅकअप बंद करायला लावतील.

आरसिंकचंही थोडं: आकार आणि वेळ जुळली तर तो फाइल उघडत नाही. त्याला चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासायला लावलं तर दोन्ही बाजूंचा प्रत्येक बाइट वाचला जातो, म्हणून रोजच्या फेरीत तो पर्याय नको. वेगवान नेटवर्क असेल तर ‘होल-फाइल’ पर्याय द्या. फाइलीतला फरक शोधण्याची त्याची हुशारी मंद जोडणीसाठी आहे.

पायरी ६: कुठे आणि कोणत्या रूपात ठेवायचं

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१ चा नियम अजूनही खरा आहे.

दर आठवड्याला पूर्ण बॅकअप ही जुनी सवय या आकाराला झेपत नाही. एकदाच पूर्ण, पुढे कायम वाढीव, आणि लागेल तेव्हा साठ्याच्या बाजूलाच जुन्या-नव्या तुकड्यांतून पूर्ण प्रत जुळवणं, ही पद्धत घ्या. पहिला पूर्ण बॅकअप दूरच्या जागी नेटवर्कवरून पाठवायचा विचार असेल तर आधी भागाकार करा. १ गिगाबिटच्या जोडणीवर पूर्ण वेग मिळाला तरी २०० टेराबाइटला साडेअठरा दिवस लागतात. तो साठा इथेच भरून मग उचलून तिकडे नेणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं.

बोर्ग, रेस्टिक, कोपिया ही मुक्त साधनं डेटाचे तुकडे करून एकसारखे तुकडे एकदाच ठेवतात, आणि छोट्या फाइलींचे मोठे गठ्ठे बांधतात. गठ्ठे बांधणं फार मोलाचं आहे, कारण ऑब्जेक्ट स्टोरेजवर (क्लाउडमध्ये वापरतात तसा, प्रत्येक फाइल सुटी वस्तू म्हणून ठेवणारा साठा) २० कोटी छोट्या वस्तू एकेक करून टाकणं आणि परत मागणं वेळ आणि पैसा दोन्ही खातं. बोर्गच्या १-मालिकेत एका साठ्यावर एका वेळी एकच जण लिहू शकतो, म्हणून समांतर कामासाठी साठे वेगळे करावे लागतात; रेस्टिकमध्ये अनेक जण एकाच साठ्यात लिहू शकतात. साठा वाढला की मेमरीची भूकही वाढते, ती आधी चाचणीत मोजा.

या साधनांबरोबर मी एक चूक अनेक आठवडे केली. रोजचा स्नॅपशॉट तारखेच्या नावाने असायचा आणि मी बॅकअप त्या तारखेच्या फोल्डरमधून घ्यायचो. साधन कालची फाइल पूर्ण पत्त्यावरून ओळखतं. पत्त्यातच तारीख असल्यामुळे त्याला प्रत्येक फाइल रोज नवी वाटत होती आणि ते सगळंच्या सगळं पुन्हा वाचत होतं. साठ्यात एकसारखे तुकडे एकदाच जात असल्याने जागा वाढत नव्हती, म्हणून मला संशयही आला नाही. उपाय सोपा आहे: आजचा स्नॅपशॉट दर वेळी एकाच ठरावीक पत्त्यावर जोडा आणि तिथूनच वाचा. तसंच, काही नेटवर्क फाइल सिस्टिमवर आयनोड क्रमांक स्थिर राहत नाहीत. तेव्हा बोर्गला आयनोड सोडून सीटाइम आणि आकार बघायला सांगा. रेस्टिकमध्येही आयनोड दुर्लक्षित करण्याचा पर्याय आहे.

आरसिंकची ‘लिंक-डेस्ट’ युक्ती, म्हणजे न बदललेल्या फाइलींच्या हार्डलिंक (त्याच फाइलीला दिलेलं आणखी एक नाव) करून रोजचं पूर्ण झाड उभं करणं, लहान साठ्याला छान आहे. २० कोटी फाइलींवर ती रोज २० कोटी नव्या नोंदी लिहायला लावते. नकोच.

टेप अजून मेलेली नाही. एलटीओ-९ च्या एका टेपवर कॉम्प्रेस न केलेला १८ टेराबाइट डेटा बसतो आणि ड्राइव्ह सेकंदाला ४०० मेगाबाइटपर्यंत लिहितो, म्हणजे एक टेप भरायला साडेबारा तास. कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत नेटवर्कवरून कोणी पोचू शकत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ड्राइव्हला सलग डेटा लागतो. छोट्या फाइली वाचत थेट टेपवर लिहायला गेलात तर ती थांबते, मागे जाते, पुन्हा सुरू होते, आणि त्यात टेप झिजते. म्हणून आधी वेगवान डिस्कवर मोठे गठ्ठे बांधा आणि तिथून टेपवर ओता.

पायरी ७: फाइलीबरोबर तिचे हक्कही न्या

मजकूर परत आला आणि सगळ्या फाइलींचा मालक ‘रूट’ झाला, तर तो बॅकअप अर्धाच. आरसिंकचा ‘आर्काइव्ह’ पर्याय हार्डलिंक, एसीएल (कोणाला काय करता येईल याची यादी) आणि विस्तारित गुणधर्म आपोआप नेत नाही. ते वेगळे सांगावे लागतात. मालकांचे क्रमांक जसेच्या तसे ठेवायचा पर्यायही द्या, नाहीतर दुसऱ्या यंत्रावरच्या नावांनुसार मालकी बदलेल. पोकळ फाइलींकडे, म्हणजे ज्यांच्यातले रिकामे भाग डिस्कवर जागा घेत नाहीत त्यांच्याकडे, लक्ष ठेवा, नाहीतर आभासी यंत्राची दिसायला १ टेराबाइटची, प्रत्यक्षात ३० गिगाबाइटची डिस्क परत येताना खरंच १ टेराबाइट जागा व्यापेल. एनएफएस-४ किंवा विंडोज धाटणीचे एसीएल असतील तर कोणत्याही साधनावर आंधळा विश्वास नको. गुंतागुंतीचे हक्क लावलेला एक छोटा फोल्डर तयार करा, बॅकअप घ्या, परत आणा आणि ओळीओळीने ताडून बघा.

एनएफएसवर ‘रूट स्क्वॉश’ चालू असेल तर बॅकअपच्या रूटला परक्यासारखी वागणूक मिळते आणि खासगी फाइली वाचताच येत नाहीत. बॅकअप यंत्रासाठी, फक्त-वाचन जोडणीवर, तेवढी सूट द्या.

पायरी ८: बॅकअपपासून डेटा आणि हल्लेखोरापासून बॅकअप वाचवा

डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर सुमारे ७७ टेराबाइट आणि ३ कोटी ४० लाख फाइली गेल्या. त्या पुसल्या बॅकअपच्याच स्क्रिप्टने. तिच्यात दहा दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइली पुसण्याचा भाग होता. ती चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती लिहिली गेली. बॅश स्क्रिप्ट चालता-चालता वाचत जातो, त्यामुळे मधूनच नवा मजकूर वाचला गेला, फोल्डरचं नाव असलेलं चल रिकामं राहिलं आणि लॉगच्या जागी संशोधकांचा डेटा पुसला गेला. १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यातल्या ४ गटांचा डेटा परत आणता आला नाही.

या घटनेतून उचलण्यासारखं बरंच आहे. बॅकअपच्या यंत्राला मूळ डेटावर लिहिण्याचा किंवा पुसण्याचा हक्कच देऊ नका. मूळ फक्त-वाचन जोडा. अव्याख्यात चल दिसताच बॅशने थांबावं असा पर्याय स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत लावा. चालू स्क्रिप्टवर कधी लिहू नका. नवी फाइल शेजारी तयार करून मग नाव बदला.

उलट बाजूने, मूळ सर्व्हरला बॅकअपच्या साठ्यातून काही पुसता येऊ नये. साठ्याने मूळकडून डेटा ओढून घ्यावा हे चांगलं. साठ्याचे पासवर्ड वेगळे असावेत, रोजच्या लॉगिन यंत्रणेशी न जोडलेले. खंडणीखोर आत शिरले की ते आधी बॅकअप शोधतात. ठरावीक मुदतीपर्यंत प्रशासकालाही पुसता न येणारी एक प्रत ठेवा: ऑब्जेक्ट लॉक लावलेली, किंवा कपाटातली टेप. साठा कूटबद्ध असेल तर किल्ली साठ्याबाहेर, दोन ठिकाणी, कागदावरही ठेवा. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा परत मिळवण्याची कोणतीही वाट नाही.

पायरी ९: परत आणून बघा

‘बॅकअप यशस्वी’ या हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच की प्रोग्राम तक्रार न करता संपला. रोज तीन आकडे तपासा: किती फाइली पाहिल्या, किती बदललेल्या आढळल्या, किती डेटा गेला. पाहिलेल्या फाइलींची संख्या कालपेक्षा अचानक निम्मी झाली तर बहुधा एखादा माउंट निसटला आहे आणि तुम्ही रिकाम्या फोल्डरचा बॅकअप घेत आहात. आरसिंकला ‘डिलीट’ पर्याय दिलेला असेल तर अशा रात्री समोरची प्रतही रिकामी होते. म्हणून सुरू होण्याआधी ठरावीक खुणेची फाइल मुळात दिसते का ते बघा, आणि नसेल तर थांबा.

साठ्याचा मजकूर वाचून तपासायला रेस्टिकमध्ये ठरावीक हिस्सा वाचण्याची सोय आहे. दर आठवड्याला तेरावा हिस्सा वाचला तर तीन महिन्यांत सगळा साठा एकदा वाचून होतो. झेडएफएसवर नियमित ‘स्क्रब’, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणारी फेरी, लावा.

दर महिन्याला वेगवेगळ्या फोल्डरांतून यादृच्छिक शे-दोनशे फाइली परत आणा आणि त्यांचा चेकसम त्याच दिवशीच्या स्नॅपशॉटमधल्या मूळ फाइलींशी ताडा. तीन महिन्यांतून एकदा लाखो फाइलींचा एक पूर्ण फोल्डर रिकाम्या जागी उतरवा आणि घड्याळ लावा. सेकंदाला किती फाइली तयार झाल्या तो आकडा लिहा, त्याने पायरी २ मधला अंदाज दुरुस्त करा आणि ज्यांना तो दिला होता त्यांना नवा आकडा कळवा. हा सराव दर वेळी वेगळ्या माणसाकडून, फक्त लिहिलेल्या सूचना वाचून करून घ्या, आणि तो जिथे अडेल तिथली सूचना त्याच दिवशी दुरुस्त करा.